पास येईपर्यंत सोफा नाही

आइस्क्रीमचे रिकामे डबे नाही नाही म्हणता ओट्याखाली साठतात ना, तसे आमच्या सेंगकांगच्या ब्लॉकमधले किस्से साठलेत. सगळे एकाच वर्षातले! ह्यांचा वर्क पास, म्हणजे या परक्या देशात नोकरी करायचा परवाना, संपत आला होता. नवा मंजूर झाला नाही तर गाशा गुंडाळून परत. आणि आमच्या जुईला नुकतीच इथल्या शाळेत पहिलीत जागा मिळालेली! आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

*

बाहेरच्या लोकांना किती आणि कसं घ्यायचं, यावर तेव्हाच पार्लमेंटात चर्चा चालली होती. मी गॅसवरचा कुकर विसरून टीव्हीसमोर.

"अहो, मतं आपल्या विरुद्ध पडली तर?"

"अगं, बहुमत एकाच पक्षाचं. काय होणार ते ठरलेलंच असतं."

"मग तासन् तास बोलतात कशाला?"

"आपलं लग्न ठरलेलंच होतं. तरी याद्यांच्या बैठकीत तुझे काका तीन तास बोलले की!"

*

पासचे कागद ऑफिसात द्यायचे होते. मी पाकिटाला हळदकुंकू वाहिलं. हे घाईत तसंच घेऊन गेले. एचआरच्या बाई टिश्यूने पुसत म्हणाल्या, "चिली सॉस, इज इट?"

हे म्हणाले, "येस!"

मी कपाळाला हात लावला. "अहो, पुसू कसं दिलंत?"

"कुंकूच गेलं गं. हळद निघतेय कुठे!"

*

आमच्यात एक ठरलेलं. पासचं पत्र हातात येईपर्यंत घरात मोठी वस्तू घ्यायची नाही. त्यामुळे आमचा सोफा म्हणजे दोन मोठ्या बॅगा, वर सोलापुरी चादर. जुईने शाळेत 'माय होम' काढलं, त्यात आम्ही तिघं बॅगांवर बसलेलो.

टीचरने विचारलं, "गोइंग हॉलिडे?"

जुई इथल्या ढंगात म्हणाली, "नो लाह, टीचर. वेटिंग फॉर लेटर!"

*

स्मितावहिनी खालच्या मजल्यावरच्या, बँकेतल्या. त्या इथल्या नागरिक झाल्या म्हणून पेढे घेऊन आल्या. बॅगेवर टेकल्या, पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "फार लोक यायला लागलेत हं आता. सरकारने जरा कडक व्हायला हवं."

मी पेढा तसाच धरून विचारलं, "वहिनी, तुम्हीही बाहेरूनच आलात ना?"

"अगं, आम्ही आलो तेव्हा गर्दी नव्हती!"

*

आमच्या शेजारी एक चिनी आंटी राहते, जन्माने इथलीच. लिफ्टमध्ये भेटली की रोज एकच पालुपद, "टू मेनी फॉरेनर लाह!" आणि जुईला ताप आला की सूप घेऊन हीच दारात.

पास संपायला तीन आठवडे उरले. पत्राचा पत्ता नाही. आंटीला जुईकडून कळलं. आमच्या भागाचे एमपी, म्हणजे खासदार, ठरल्या संध्याकाळी ब्लॉकखाली टेबल टाकून लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. आंटीने माझा हात धरला आणि मला ओढतच खाली नेलं. हे ऑफिसात, मला धड इंग्रजी येत नाही.

आंटीने टेबलावर हात आपटला. "टू मेनी फॉरेनर!"

मी मनात म्हटलं, झालं! आता बॅगा भरायच्या.

एमपी समजुतीने म्हणाले, "येस, आंटी. पार्लमेंटात आम्ही त्यावरच बोलतोय."

"गुड! बट धिस वन कॅनॉट गो. यू राइट लेटर!"

एमपींनी पेन उघडलं, माझ्याकडे पाहिलं. "ओके. शी इज फ्रॉम व्हेअर?"

आंटी म्हणाली, "सेव्हन्थ फ्लोअर!"