फाटक्या कानाच्या माकडिणीचे हृदय

वाचकहो, तहसील कचेरीबाहेरच्या टेबलावर मी आयुष्यभर इतरांची गाऱ्हाणी लिहिली. आज जे लिहितो आहे, ते माझ्या घरातही कोणाला ठाऊक नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत. तथापि अर्ज लिहून घ्यावा तर यांच्याकडूनच, असे वसईत म्हटले जाते — आणि ते ऐकायला मला आवडते. ‘मला माहीत नाही’ असे मी गिऱ्हाइकासमोर कधी म्हटलेले नाही. ही सबब नव्हे. हे करणारा माणूस कसा होता, एवढेच सांगतो.

गोखिवऱ्याच्या एका सोसायटीत लालतोंडी माकडांची टोळी शिरत असे. त्यातले एक तिथल्या एका बाईंना चावले. तक्रारअर्ज अर्थातच मी लिहिला. वनखात्याने टोळी पिंजऱ्यांत धरली आणि निरोप धाडला — चावणारे माकड ओळखायला कोणीतरी या. बाई माहेरी गेलेल्या, बाकीचे नोकरीवर मुंबईत. अध्यक्ष फोनवर म्हणाले, “काका, तुम्हीच जाऊन या. तुमच्यासारखं भारदस्त आम्हाला कुठे बोलता येतं?”

गेलो. भारदस्तपणे गेलो.

वनरक्षकाने नियम सांगितला : चावणारे माकड कायमचे पिंजऱ्यात, बाकीची तुंगारेश्वरच्या डोंगरात सुटतील. मग हसून म्हणाला, “हां, बोला वकीलसाहेब, आरोपी कोण?”

वकीलसाहेब! — कळते ना तुम्हाला? त्यांपैकी एकही माकड मी पूर्वी पाहिलेले नव्हते. फाटक्या कानाची एक माकडीण माझ्याकडे टक लावून बघत होती. मी तिच्याकडे बोट केले.

एवढेच असते, तर कदाचित विसरलोही असतो. परंतु टोळी सोडण्यापूर्वी एक पशुवैद्य डॉक्टरबाई प्रत्येक माकडाच्या हृदयाची सोनोग्राफी करणार होत्या. माकडाचे निरोगी हृदय केवढे असते, याची मापे त्या गोळा करत होत्या. “निरोगी कसं असतं तेच ठाऊक नसेल, तर आजारी कसं ओळखायचं, काका?” असे म्हणून त्यांनी मला जवळ उभे केले.

पहिली तीच आली. भुलीने निपचित, छातीवरचे केस भादरलेले. डॉक्टरबाईंनी जेल लावून यंत्राची दांडी टेकवली, आणि पडद्यावर —

कसे सांगू? हृदय म्हणजे धडधड, एवढीच माझी समज. इथे तर दारे होती. दोन पातळ पाकळ्या उघडत होत्या, मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या — कोणाच्या हुकमावाचून, माझ्या बोटाची दादही न घेता. डॉक्टरबाई भिंतीची जाडी, कप्प्याची रुंदी मिलिमीटरांत मोजत गेल्या. मग त्यांनी एक कळ दाबली आणि वाहते रक्तच लाल-निळे होऊन उजळले. मुठीएवढ्या त्या छातीत हे सारे अखंड चालले होते? मी चपला कधी काढल्या, हात कधी जोडले, मला कळले नाही.

“किती सुरेख आहे हिचं,” डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “काका, हीच चावली, नक्की ना? शंका असेल तर आत्ता सांगा. हिलाही सोडता येईल.”

खरे बोलायला याहून पवित्र जागा कोणती असते? अनवाणी उभा होतो, डोळे भरले होते, समोर ती झडप उघडत होती. पण मागे वनरक्षक ऐकत होता.

“नक्की,” मी म्हणालो. “माझी नजर चुकत नाही.”

अज्ञानाने बोट केले होते. हे मात्र पाहून, जाणून, हात जोडल्यावर म्हणालो.

सगळ्यांची तपासणी आटोपून टोळीचा टेम्पो निघाला, तोवर तिची भूल उतरली होती. ती डुलत उठली, गजांना धरून तिने एक हाक दिली. टेम्पोतून उत्तर आले. तिने पुन्हा दिली. पुन्हा आले, जरा लांबून. टेम्पो वळणाआड गेल्यावरही ती हाका देतच होती. वनरक्षकाने माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायलो.