सुवाणीची मालकीण

फुकट या शब्दाची मला चीड आहे. चेन्नईत त्याला 'सुम्मा' म्हणतात. अण्णा नगरातल्या आमच्या मराठी बायकांना तीस-तीस वर्षांत धड तमिळ आलं नाही, पण हा एक शब्द त्यांनी पहिल्याच आठवड्यात तोंडपाठ केला. माझ्या कुमुदिनीमावशीला याच शब्दाने बुडवलं. तेव्हा ही हकिगत मी थंड डोक्याने सांगेन अशी आशा कुणी ठेवू नये.

मावशी सांगलीची. लग्न होऊन इथे आली तेव्हा पुरुषोत्तमकाका रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात नोकरीला होते, आणि आईचा आवाज ऐकायचा तर एसटीडी बूथसमोर रांग लावावी लागे. मीटरवरचे आकडे पळायला लागले की मावशी घाबरून 'बरी आहे, सगळं बरं आहे' एवढंच म्हणायची, फोन ठेवायची आणि घरापर्यंत डोळे पुसत यायची. त्या रांगेत तिचं एक मत पक्कं झालं: लांब दिलेली लेक एक वेळ उपाशी राहील, पण माहेरी फोन करायची थांबणार नाही. म्हणजे फोनची कंपनी कधी बुडायची नाही.

मावशीची भिशी होती. सगळ्या बायका महाराष्ट्रातून आलेल्या, शिवाय एक विजयलक्ष्मी, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरच्या मराठी घरातली. दर महिन्याला चिठ्ठी निघायची आणि जिचं नाव येईल तिच्या घरी मिक्सर नाहीतर पैठणी यायची. एका वर्षी मावशीने आपलं मत मांडलं. चिठ्ठ्या बंद करू, भिशीचे सगळे पैसे सुवाणी कंपनीच्या शेअरमध्ये घालू. आपण सगळ्या सुवाणीवरूनच माहेरी बोलतो ना? बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेअर मावशीच्या नावावर घेतले, कारण मावशीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दिवाळीला लाभांश आला तेव्हा याच बायका तिला 'आमची लक्ष्मी' म्हणत होत्या, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मग नवी कंपनी आली. बोलणं सुम्मा, इंटरनेट सुम्मा, सिमकार्डसुद्धा सुम्मा. तिच्या मालकांचे दुसरे धंदे जोरात होते, वर्षानुवर्षं तोटा खायची ताकद होती. सुवाणीने मात्र सरकारी लिलावात स्पेक्ट्रम, म्हणजे फोनच्या रेडिओलहरी, घ्यायला आणि टॉवर उभारायला बँकांकडून डोंगराएवढं कर्ज काढलेलं. दर उतरवावेत तर व्याज फिटत नाही, न उतरवावेत तर गिऱ्हाईक राहत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. पेपरवाले मथळे देत होते, 'ग्राहकांची चंगळ'! ही चंगळ कुणाच्या जिवावर चाललीय, हे छापायला त्यांना जागा मिळाली नाही. पाहता पाहता सुवाणीचा शेअर इतका खाली आला की एक विकून अर्धा मेदूवडा आला नसता.

मावशीने शेअर विकले नाहीत आणि सिमही बदललं नाही. रेंज येत नसे, म्हणून भर उन्हात गॅलरीच्या कोपऱ्यात उभी राहून ती सांगलीला फोन लावायची. मी चिडायचो. ती म्हणायची, "मकरंद, आपल्या दुकानात आपणच जायचं नाही, तर दुसऱ्याने का यावं?"

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. तिळगूळ खाऊन गोड बोलायच्या दिवशी बायका ठरवून आल्या होत्या. वाण पदरात पडल्यावर प्राचीने तोंड उघडलं. ही बँकेत अधिकारी, म्हणून सगळ्यांनी तिला पुढे केलेलं.

"कुमुदताई, राग मानू नका. पण शेअर घ्यायची कल्पना तुमची. आमचे पैसे तुम्हीच भरून द्यायला हवेत."

मावशीने हातातल्या पाटल्या उतरवल्या आणि तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवल्या. तिच्या आईने घातलेल्या पाटल्या! मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, माझ्या अंगाची लाहीलाही झाली. काकांनी माझा दंड धरला नसता तर मी त्या बायकांना काय बोललो असतो, सांगता येत नाही.

एवढ्यात प्राचीचा फोन वाजला. मावशीने मान वर केली.

"प्राची, इथे आतल्या खोलीत रेंज येते तुला?"

"येते की."

"माझ्या फोनला नाही येत. कोणती कंपनी तुझी?"

प्राचीने फोन पर्समध्ये टाकला. मावशीने एकेकीकडे बघत तोच प्रश्न विचारला. ऋजुता आयटीतली, चटचट बोलणारी, ती पदराच्या काठाशी चाळा करायला लागली. कुणाच्याही फोनमध्ये सुवाणी नव्हती.

"ज्या दिवशी तुम्ही सुम्मा सिम घेतलंत, त्या दिवशी शेअर पडायला लागले," मावशी म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तो रागाने कापत होता. "कंपनी तुमची होती. तुम्हीच तिला सोडून गेलात, आणि मला सांगितलंसुद्धा नाहीत. आता उचला या पाटल्या. उचला!"

कुणी हात पुढे केला नाही. शेवटी विजयलक्ष्मी उठली. "पोदुम, पुरे झालं," म्हणत तिने पाटल्या मावशीच्या हातांत परत चढवल्या. बाकीच्या कॉफी न घेता गेल्या. वाण मात्र एकीनेही मागे ठेवलं नाही.

पुढच्याच वर्षी सुवाणी बंद पडली. मावशीचा फोन मुका झाला, तेव्हा मी तिला नुंगंबाक्कमला त्या नव्या कंपनीच्या दुकानात घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीने दर सांगितला. मी म्हटलं, "हे तर सुवाणीपेक्षाही महाग! तुमच्याकडे सगळं सुम्मा होतं ना?"

ती तमिळमध्ये म्हणाली, "ते तेव्हा, सर. आता दुसरी कंपनी कुठेय?" मग मशीनवर मावशीचा अंगठा घेता घेता तिने सहज विचारलं, "आधी सुवाणी होतं का, अम्मा? माझा भाऊ तिथे होता, त्याची नोकरी गेली. तुम्हीपण तिथे कामाला होता?"

"नाही," मावशी म्हणाली. "मी मालकीण होते."

मुलगी हसली. तिला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.