भगवंतराव डायवर आणि खोटं बोलणारा काटा

दुसरबीडमध्ये भगवंतराव डायवरांच्या कानाला जेवढा मान होता, तेवढा सरपंचालाही नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली आणि त्यांच्या हाती आलेल्या एकाही गाडीचा एकही मीटर धड नव्हता. वेगाचा काटा लुळा, डिझेलचा काटा मेलेला, तिसऱ्या काट्याच्या जागी नुसतं भोक. गाडी चालायची ती डायवरच्या कानावर. इंजिनाचा सूर ऐकून ते गिअर टाकायचे, आणि फाट्यावर चहा पिताना मागे वळूनही न बघता, नुसत्या आवाजावरून, येणारी बस कुठल्या डेपोची ते सांगायचे. चुकले तर डेपोनेच गाडी बदलली असेल, असं लोक म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल जीप घेतली. चारही चाकांना जोर मिळणारी, चिखलातून म्हशीसारखी निवांत बाहेर येणारी. तिच्यात एक चीज अशी होती जी त्यांनी जन्मात चालू पाहिली नव्हती: आरपीएमचा मीटर. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते सांगणारा काटा. काटा दोन हजारावर गेला की गिअर वर, हजाराकडे आला की खाली. एवढा कानाचा धनी माणूस, आणि सारखा त्या काट्याकडे काय बघतो, याचं लोकांना नवल वाटे.

नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. भगवंतरावांना ऐकू येत नव्हतं.

ही गोष्ट त्यांनी कोणालाही कळू दिली नव्हती, निदान त्यांचा तसा समज होता. कोणी काही बोललं की ते मान डोलावत आणि "हाव, चांगलं झालं" म्हणत. शेजाऱ्याने आपली गाभण म्हैस मेल्याचं सांगितलं तेव्हाही ते हेच म्हणाले होते. शेजारी अजून बोलत नाही. बोलतही असेल, पण भगवंतरावांना ते कळायला मार्ग नाही.

लपवायचं कारण म्हणजे मुलगा. प्रज्वल शाळेत गणित शिकवतो आणि घरातही गणितासारखाच बोलतो. त्याने एकदा सरळ सांगितलं होतं, "बाबा, ज्या दिवशी डोळे नाहीतर कान कमी झाले, त्या दिवशी चावी माह्याजवळ." भगवंतरावांनी मोठ्या मनाने कबूल केलं. कान तेव्हाच गेलेले होते. पण जीपवाचून त्यांना काय राहिलं होतं? जीप होती म्हणून लोक 'डायवर' म्हणत. ती गेली की ओट्यावर बसून मान डोलवायची, एवढंच काम उरणार होतं, आणि त्याची त्यांना खरोखर धास्ती होती.

अशात बायकोला, रुख्मिणीबाईंना, नेहमीसारखं शेजारी बसवून नांदुऱ्याच्या लग्नाला जाताना अल्टरनेटर, म्हणजे बॅटरीला वीज पुरवणारा डबा, जळाला. तिथल्या एका कारागिराने कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा काढून बसवून दिला. परतीला राजूर घाटात भगवंतरावांनी काटा दोन हजारावर बघितला आणि नियमाप्रमाणे गिअर वर टाकला. जीप थरथरली, खोकली आणि भर वळणावर बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. मागे एसटी अडकली. तिचा कंडक्टर उतरून आला आणि म्हणाला, "काका, चढावर इतक्या लवकर गिअर टाकतात का बे कोणी?" एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना 'बे' म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. सुदैवाने तेही त्यांना ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर गोकुळ मिस्त्रीला बोलावलं. गोकुळने बॉनेट उघडलं, जीभ टाळूला लावून च् च् केलं आणि निदान सांगितलं, "इंजिन बसलं, काका. खोलावं लागते." गोकुळला सगळ्याच गाड्या खोलाव्या लागतात. प्रज्वल म्हणाला, खोलण्यापेक्षा विकू. रविवारी साखरखेर्ड्याहून गिऱ्हाईक बोलावतो.

भगवंतरावांना 'विकू' एवढं मात्र ओठांवरून बरोबर कळलं.

सून दीपमाला घराच्या पडवीत पाण्याच्या मोटारी भरते. जळलेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची. पंचक्रोशीतले शेतकरी तिच्याकडे येतात. तिने बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि दोन मिनिटांत बाहेर काढलं.

"इंजिनाले काही नाही झालं," ती नवऱ्याला म्हणाली. "मीटरले सिग्नल अल्टरनेटरवरून येते. याची पुली पहिल्यापेक्षा लहान आहे, म्हणून तो जास्त फिरते, अन् काटा जास्तीचं सांगून राह्यला. इंजिन चौदाशेवर असते अन् हा दोन हजार दाखवते. मामाजी बिचारे त्याचं ऐकतात."

"मंग खरे किती ते कसं समजन?" प्रज्वलने विचारलं.

"ट्यूबलाईटनं."

ट्यूबलाईट म्हणजे जुनी, चोकवाली. ती सेकंदाला शंभरदा विझते-पेटते, आपल्याला दिसत नाही एवढंच. इंजिनाच्या मोठ्या पुलीवर खडूची एक रेघ मारायची. इंजिन बरोबर पंधराशेवर आलं की त्या उजेडात एका रेघेच्या चार रेघा दिसतात, आणि चारही जागच्या जागी उभ्या राहतात. दाब कितीही कमी होवो, विजेचा हा ठेका चुकत नाही. आमच्याकडची वीज एवढ्या एकाच बाबतीत वक्तशीर आहे.

अडचण अशी की गावात सगळीकडे एलईडी झालेले. शेवटी सोयाबीनच्या पत्र्याच्या खोलीत एक जुनी ट्यूब सापडली. तिच्या दोन्ही टोकांना काजळी धरली होती, पण चार लुकलुकी मारून ती पेटली. जीपचं तोंड खोलीत, धुराचं बूड बाहेर, आणि अंधारासाठी फटीवर ताडपत्री, अशी मांडणी झाली. तेवढ्यात लाईन गेली. ती अडीच तासांनी आली, तोवर बघायला अर्धी आळी जमली होती.

भगवंतराव सीटवर बसले. दीपमाला पुढे पुलीपाशी वाकली. "मामाजी, हळूहळू वाढवा. मी बस म्हटलं की तिथंच धरा."

"हाव, चांगलं झालं," भगवंतराव म्हणाले.

इंजिन चढू लागलं. खडूच्या रेघेचा आधी भुरकट पट्टा झाला, मग रेघा झाल्या, रेघा सावकाश फिरत फिरत थांबायला आल्या. "बस," दीपमाला म्हणाली. इंजिन चढतच राहिलं. "बस, मामाजी! बस!" पत्रे थडथडले, आढ्यावरच्या कोंबड्या एकदम खाली आल्या, एक दीपमालाच्या डोक्यावरून गेली. भगवंतराव समाधानाने काट्याकडे बघत पाय दाबत होते. शेवटी तिने बॉनेटवर दोन्ही हात आपटले तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

दीपमाला क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने तळहात वर केला: थांबा. तळहात खाली: कमी करा. बोट वर: जरासं. पाचव्या खेपेला चार रेघा भिंतीवर काढल्यासारख्या उभ्या राहिल्या. तिने प्रज्वलला त्या बघत राहायला सांगितलं, मीटरच्या मागचा बारीक स्क्रू फिरवला आणि एकवीसशेवरचा काटा उतरवत उतरवत पंधराशेवर आणून ठेवला.

एवढ्यात गोकुळ मिस्त्री आला. गिऱ्हाईक हातचं जाताना बघून त्याचा जीव कळवळला होता.

"ट्यूबलाईटनं कुठी मीटर बसते का?" तो लोकांकडे बघत म्हणाला. त्याने खांद्यावरचा रुमाल काढून मीटरवर टाकला आणि भगवंतरावांच्या तोंडापाशी तोंड नेऊन ओरडला, "काका, तुमच्यावानी कान जिल्ह्यात नाही. तुमीच कान लावून सांगा, किती फेरे आहेत? तुमचा कान म्हणन ते खरं."

हे त्यांना ऐकू आलं. अंदाजाने काहीही सांगता आलं असतं, आणि निम्म्या लोकांनी ते खरंही मानलं असतं. पण आकडा चुकला तर सुनेचं काम खोटं ठरणार होतं. तिच्या हाताला ग्रीस लागलं होतं, डोक्यात कोंबडीचं पीस होतं, आणि ती त्यांच्याकडे बघतही नव्हती, स्क्रू पुन्हा घट्ट करत होती. भगवंतरावांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी रुमाल उचलून गोकुळच्या हातात दिला.

"मले ऐकू येत नाही," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. तो फाट्यापर्यंत गेला. "माह्या कानावर कोणी जाऊ नका. सूनबाईनं लावलेला काटा खरा. पंधराशे."

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, चावी काढली आणि प्रज्वलच्या हातावर ठेवली. प्रज्वलने ती घेतली, पण मूठ मिटेना.

"किती दिवसापासून, बाबा?" त्याने कानापाशी येऊन विचारलं.

"चार वर्ष झाले असतीन."

"सहा," दारातून रुख्मिणीबाई म्हणाल्या.

भगवंतरावांना ते ऐकू गेलं नाही. दीपमालाने सहा बोटं वर करून दाखवली. ते वळून बायकोकडे बघायला लागले.

"तुले माहीत होतं?"

"मंग काय बसल्या बसल्या हवा खायले येत होती का मी तुमच्यासंगं?" रुख्मिणीबाई पुढे येऊन एकेक शब्द मोठ्याने सांगू लागल्या. "मांग हॉर्न वाजला की तुमच्या मांडीले चिमटा कोण घेत होतं?"

"मले वाटे तू भेतं."

"भेतच होती," त्या म्हणाल्या, आणि प्रज्वलच्या उघड्या हातावरची चावी उचलून त्यांनी आपल्या कमरेला खोचली. "उद्या बुलढाण्याले जाऊ. पहिले कानाचं यंत्र, मंग चावी. अन् तिथवरी एसटीनं जाऊ."