दूरच्या काकांचं शिफारसपत्र

ब्रिस्टलला आम्ही आलो ते माझ्या नोकरीमुळे. विमानाच्या पंखावर किती भार आला की तो वाकेल आणि किती आला की तुटेल, हे काढायचं माझं काम. त्याला स्ट्रेस इंजिनिअर म्हणतात. नवरा माझी ओळख करून देताना "ही स्ट्रेसमध्ये असते" म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. तो नागपूरचा. तिथल्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. इथे व्हिसावर तो माझा डिपेंडंट होता आणि एका कॉलेजच्या लॅबमध्ये टेक्निशियन, म्हणजे दुसऱ्याने शिकवायच्या आधी बाटल्या मांडायच्या आणि नंतर त्या धुवायच्या.

वर्क परमिटवर चार वर्षं काढली की कायमचं राहायची परवानगी मिळते, असं आम्हाला येताना सांगितलं होतं. आमची साडेतीन झाली आणि सरकारने चाराची पाच केली. आधी आलेल्यांनाही तोच नियम.

"एक वर्ष तर आहे," मी म्हटलं.

"आज पाच केली, उद्या सहा करतील," नवरा म्हणाला. "ज्यांना आपण नकोत त्यांच्या दारात किती दिवस उभं राहायचं?"

त्यानंतर काही दिवसांनी लंडनमध्ये स्टॅनमोरला एका ओळखीच्यांकडे गणपतीचं जेवण होतं. तिथे पुण्याच्या एका सॉफ्टवेअरवाल्याने त्याला सांगितलं की कॅनडात प्रांत स्वतःच माणसं निवडतात. प्रांताने नॉमिनेशन दिलं की दिल्लीश्वर, म्हणजे तिथलं केंद्र सरकार, फक्त तब्येत आणि पोलिसांचा दाखला बघतं. नवरा परतीच्या कोचमध्ये पूर्ण वेळ बोलत होता. त्याने शोधलेला प्रांत कॅनडाच्या मधोमध होता. नाव लिहीत नाही, त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.

अर्जाची मुख्य उमेदवार मीच, कारण शिक्षण-नोकरीसाठी ते गुण देत आणि माझे जास्त. अर्ज मात्र त्याचा. त्याने एक निळी फाइल आणली आणि ऑक्टोबरात घराचं हीटिंग बंद केलं.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"सवय," तो म्हणाला. तेव्हा बाहेर बारा डिग्री होतं. त्या प्रांतात हिवाळ्यात उणे तीस असतं. आठवडाभराने त्याला सर्दी झाली आणि हीटिंग परत सुरू झालं.

पहिली अडचण इंग्रजीची. इंग्लंडमध्ये साडेतीन वर्षं इंग्रजीतून नोकरी करणाऱ्या दोन माणसांनी आपल्याला इंग्रजी येतं हे परीक्षा देऊन सिद्ध करायचं होतं. आम्ही एका शनिवारी बसने गेलो. उतरताना ड्रायव्हर मला "चिअर्स, माय लव्हर" म्हणाला. ब्रिस्टलमध्ये सगळेच सगळ्यांना असं म्हणतात, पण नवऱ्याला ते अजून सहन होत नव्हतं. तोंडी परीक्षेत त्याला एका शेजाऱ्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं. त्याने नागपूरच्या शेजाऱ्यापासून सुरुवात केली आणि दोन मिनिटं संपली तेव्हा तो अजून त्या शेजाऱ्याच्या फाटकापाशी होता. मला त्याच्यापेक्षा अर्धा मार्क जास्त मिळाला. त्याने दोन्ही निकाल फाइलमध्ये लावले.

दुसरी अडचण 'सेटलमेंट प्लॅन'. आपल्याला याच प्रांतात का राहायचंय, हे दोन पानांत लिहायचं. नवऱ्याने सात लिहिली. 'मला आणि माझ्या पत्नीला विस्तीर्ण मोकळ्या जागांची लहानपणापासून ओढ आहे,' अशी सुरुवात होती. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांची विटांची भिंत आणि कचऱ्याचे दोन व्हीली बिन दिसत. पुढे त्याने तिथल्या मुख्य शहरातल्या नदीचं, शाळांचं, विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांचं वर्णन केलं होतं. ते मी बसमध्ये बसून दुरुस्त करायची. ब्रिस्टलला का राहतेस असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर माझी चार ओळींच्या पुढे मजल गेली नसती. दुरुस्त करता करता मला ते शहर आवडायला लागलं. हे मी त्याला सांगितलं नाही.

तिसरी अडचण खरी. प्रांतात कुणी जवळचा, दूरचा नातेवाईक किंवा मित्र आहे का? असल्यास त्याचं पत्र जोडा. त्या पत्राच्या गुणांशिवाय आमचं भागत नव्हतं. नवऱ्याने आईला फोन लावला. सासूबाईंनी दोन दिवस मागितले आणि दीड दिवसात माणूस शोधला: नवऱ्याच्या आत्याच्या जावेचा मावसभाऊ. चाळीस वर्षांपूर्वी नागपुराहून गेलेला. शाळेत फिजिक्स शिकवून रिटायर झालेला, बायको वारलेली, घरात एकटा.

आम्ही त्यांना काका म्हणायचं ठरवलं आणि फोन केला. नवऱ्याने नातं समजावून सांगितलं.

"आत्या म्हणजे ती धंतोलीतली?" काका म्हणाले. "तिला मी एकदा पाहिलं, माझ्या मावसबहिणीच्या लग्नात. बरं, पत्र काय लिहायचं?"

"तुम्ही आम्हाला चांगलं ओळखता असं."

"ओळखत कुठे जी? तुमचं नाव मी आता ऐकून राहिलो. खोटं नाही लिहिणार."

"तसं नाही, काका, म्हणजे फॉर्मॅलिटी असते..."

"ओळख नसली तर करून घेऊ. दर रविवारी फोन करा. तुमचे चार, माझे सकाळचे दहा. ओळख झाली की लिहितो."

चौदा रविवार आमची परीक्षा चालली. कोणत्याही सरकारने विचारले नसतील असे प्रश्न काकांनी विचारले. स्वयंपाक कोण करतं? भांडता का? शेवटचं भांडण कशावरून? ते एकदा नवऱ्याशी बोलत आणि मग त्याला स्वयंपाकघराबाहेर पाठवून माझ्याशी. उत्तरं जुळतात का हे बघत असावेत. मास्तर होते.

नवरा उत्तरं सेटलमेंट प्लॅनमधून द्यायचा.

"इथे कशाला येता?" काकांनी विचारलं.

"निसर्गसौंदर्य," नवरा म्हणाला.

"सपाट आहे हो सगळं. आमच्या गावात एक टेकडी आहे, ती कचरा पुरून केलेली. खरं सांगा."

नवऱ्याने खरं सांगितलं नाही. मग माझी पाळी आली.

"सूनबाई, तू सांग. हा कशाला येऊन राहिला?"

"इथल्यांनी नियम बदलला म्हणून रागावलाय," मी म्हटलं. "आणि तिथे त्याला परत शिकवता येईल असं त्याला वाटतं."

"आणि तू?"

"मला बघायचंय," मी म्हटलं. "इतकं वाचलंय."

"हे बरं आहे," काका म्हणाले. पलीकडे पेन्सिलचा आवाज आला.

पंधराव्या आठवड्यात पत्र आलं. नवऱ्याने ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. काकांनी इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा मथितार्थ असा: या दोघांना मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. आमचं नातं आहे, पण ते समजावून सांगायला एक पान लागेल, ते पान सोबत जोडलं आहे. चौदा वेळा मी त्यांच्याशी बोललो. बाई विचारल्यापुरतं बोलते आणि माहीत नसलं तर माहीत नाही म्हणते. गृहस्थ थंडीबद्दल फार बोलतात, त्यावरून ते घाबरलेले आहेत असं दिसतं. पण बायकोच्या कामाचा त्यांना अभिमान आहे आणि घरातली भांडी तेच घासतात. माझ्या मते दोघं इथे टिकतील. नाही टिकले तर परत जातील, त्यात प्रांताचं काही बिघडणार नाही.

"हे पाठवायचं?" नवरा म्हणाला. "हे शिफारसपत्र आहे? त्यांना सांग, शेवटचं वाक्य काढा. आणि ते घाबरलेलं."

"तू सांग."

त्याने फोन उचलला आणि ठेवला. आम्ही पत्र जसंच्या तसं पाठवलं.

तीन महिन्यांनी प्रांताच्या कचेरीतून एका बाईंचा फोन आला. मुलाखत होती. नवऱ्याने समोर सातही पानं पसरली होती. बाईंनी माझ्या कामाबद्दल दोन प्रश्न विचारले आणि मग नवऱ्याला फोन द्यायला सांगितलं.

"भांडी तुम्हीच घासता का?"

"हो," नवरा म्हणाला. त्यांच्याशी तो बोललेला हा एकच शब्द.

त्या महिन्यातच नॉमिनेशन आलं. प्रांताने मला निवडलं होतं, सोबत एक परावलंबी पती. आम्ही रविवारची वाट न बघता काकांना फोन लावला. ते खूश झाले. मग म्हणाले, "मी मात्र इथे नसेन. मुलगी व्हँकुव्हरला आहे, तिकडे चाललो. गुडघे गेले, बर्फात चालवत नाही."

नवऱ्याने निळी फाइल उघडली. प्लॅनच्या पाचव्या पानावर लिहिलं होतं, 'सुरुवातीला आम्ही काकांच्या आधाराने राहू.'

"आधी का नाही सांगितलं?" त्याने विचारलं.

"तुम्हाला नदी, शाळा, मोकळ्या जागा पाहिजे होत्या ना?" काका म्हणाले. "त्या इथेच आहेत."

नॉमिनेशननंतरचं काम केंद्राकडे, आणि ते वर्षभरात काही झालं नाही. दरम्यान इथली पाच वर्षं पुरी झाली. इथेही आता एक परीक्षा होती, ब्रिटनमधल्या जीवनाविषयीची. आम्ही पाठांतर केलं, राणीची कामं, पार्लमेंट, पोरांच्या शाळेचे कायदे. मी पास झाले, नवराही झाला, आणि पासपोर्टवर कायमच्या परवानगीचा स्टिकर आला. ज्याच्यावर रागावून एवढा खटाटोप केला होता, ते काम एका दिवसात झालं. काउंटरवरचा माणूस "ऑल डन" म्हणाला आणि पुढचा नंबर पुकारला.

दोन महिन्यांनी कॅनडाचं पाकीट आलं. व्हिसासाठी पासपोर्ट पाठवा.

आम्ही ते टेबलावर ठेवलं आणि जेवलो. नवरा पुन्हा त्या प्रांताबद्दल बोलू लागेल म्हणून मी थांबले. तो भांडी घासायला उठला. त्याला नुकतीच त्याच कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला शिकवायची संधी मिळाली होती, आठवड्यातून दोनदा.

"तुला जायचंय का?" मी विचारलं.

"मी त्याबद्दल इतकं लिहिलं," तो म्हणाला, "की तिथे राहून परत आल्यासारखं वाटतंय. तुला?"

मला जायचं होतं. निदान एक हिवाळा. मला त्या नदीवर चालायचं होतं, ती गोठते म्हणे. पण त्याच्या वर्गाला सोळा जण यायचे आणि त्यातल्या एकाने त्याला "सर" म्हटलं होतं. इंग्लंडमध्ये कुणी म्हणत नाही. मी म्हटलं, "राहू दे."

नको असल्याचं पत्र मी लिहिलं. तीन ओळी झाल्या. नवऱ्याला निदान एक पान हवं होतं, कारणांसह, पण मी ते पोस्टात टाकलं. तिथून घरापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता होता. मी बसस्टॉपवर बसून तीन बस सोडल्या.

रविवारी काकांना सांगितलं. ते आता व्हँकुव्हरला होते आणि फोन आमच्या संध्याकाळी सहाला होऊ लागला होता.

"बरं," ते म्हणाले. "इथे पाऊस पडून राहिला तीन आठवडे. तुमच्याकडे?"

"आमच्याकडेही," मी म्हटलं, आणि आम्ही थोडा वेळ पावसाबद्दल बोललो.