आईचा नकाराधिकार

माझे वडील तालुक्याच्या गावी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला वीस मार्कांचा विषय. मुलं तो परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचत आणि इतर शिक्षक तेवढाही वाचत नसत. बाबांनी तो घरी आणला. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून त्यांनी आमच्या घराची घटना चिकटवली होती. पाठकोरा कागद, खाली चौघांच्या सह्या. मी तेव्हा दुसरीत होते, त्यामुळे माझी सही म्हणजे माझं नाव आणि शेजारी एक फूल.

घटना अमेरिकेच्या धर्तीवर आहे, असं बाबा पाहुण्यांना अभिमानानं सांगत. प्रस्ताव बाबांनी मांडायचा, आम्ही भावंडांनी त्यावर बोलायचं, आणि आईला नकाराचा अधिकार. कारण द्यायचं नाही, 'नामंजूर' म्हटलं की विषय संपला. उरलेल्या तिघांनी मिळून हात वर केले तरच तो नकार मोडणार. "माणसं चांगलीच वागतील असं धरून घटना लिहायची नसते," बाबा म्हणत. "माझ्याही हातात सगळं द्यायचं नाही. उद्या माझं डोकं फिरलं तर?" ते अधूनमधून फिरतच असे. एकदा त्यांनी एक जुनी जीप घ्यायचं ठरवलं. आईनं पोळी लाटता लाटता, मान वर न करता 'नामंजूर' म्हटलं. भावानं आणि मी ताबडतोब हात वर केले. बाबांनी केला नाही. जीप त्यांनाच हवी होती, तरी केला नाही. आईच्या विरुद्ध तो हात त्यांनी कधीच वर केला नाही.

पुढे मी इंजिनिअर झाले आणि मला जर्मनीत झिंडेलफिंगेनला, मोटारींच्या कारखान्यात नोकरी मिळाली. तो प्रस्तावही रीतसर जेवताना मांडला गेला. भाऊ बोलला, मी बोलले. आईनं माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. बाबा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "मंजूर." माझ्या आईनं मला एका शब्दानंही अडवलं नाही, असं मी नंतर लोकांना कौतुकानं सांगत आले. खरं सांगायचं तर ते मला फार लागलं होतं. जीपला नामंजूर म्हणणारी बाई मुलगी परदेशी निघाली तर गप्प बसते? बरीच वर्षं मी हा राग सांभाळला. आई गेली तेव्हा मी विमानात होते, त्यामुळे विचारायचंही राहून गेलं.

त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे २०१६ च्या वसंतात, माझ्या लेकीला शाळेत अमेरिकेच्या राज्यघटनेवर रेफराट द्यायचा होता. वर्गापुढे उभं राहून वीस मिनिटं बोलायचं. मी तिला आजोबांकडे सोपवलं. रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही स्काइप लावला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, जणू तपासणीला साहेब येणार. लेकीला मराठी सगळं कळतं, पण ती बोलते जर्मन, आणि बाबांना जर्मनचं अक्षरही येत नाही. म्हणून मी मधे दुभाषी. मांडीवर श्पारगेलची जुडी घेऊन मी ती भाजी सोलत होते.

बाबा रंगात आले. "राजा समुद्रापलीकडे. कर बसवणारी सभाही तिकडेच, आणि त्या सभेत या लोकांचा एकही माणूस नाही. म्हणून हे म्हणाले, राज्य करायचं तर ज्यांच्यावर करायचं त्यांची संमती घ्या. मग स्वतःचं सरकार करताना सत्ता तिघांत वाटली. एकानं कायदा करायचा, दुसऱ्यानं राबवायचा, तिसऱ्यानं तो घटनेत बसतो का बघायचं. आणि तिघांनी एकमेकांचा कान धरून ठेवायचा."

लेकीनं विचारलं, मी मराठीत सांगितलं, "गुलामांची संमती कोणी घेतली होती का, म्हणतेय. आणि बायकांची?"

"शाब्बास! नव्हतीच घेतली. लिहून घे ते. घटनेत दुरुस्तीची सोय ठेवली होती, पण ती दुरुस्ती व्हायला फार माणसं मरावी लागली." मग ते हसून म्हणाले, "आता तू मला सांग. तुझी आई तिकडे कर भरते. तिला तिथं मत आहे का?"

"नाईन," लेक म्हणाली. आणि लगेच, "गेनाऊ, देसहाल्ब विर्ड मामा या दॉइच!" म्हणूनच तर आई जर्मन होतेय.

माझ्या हातातलं सोलणं थांबलं.

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

"नाही म्हणाली."

"एवढं लांबलचक नाही?"

लेक माझ्याकडे टकामका बघत होती. नागरिकत्वाचा अर्ज तीन महिने माझ्या खणात भरून पडला होता. जर्मनीचं घ्यायचं तर भारताचा पासपोर्ट परत द्यायचा, हे बाबांना माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक. मतदानाच्या दिवशी पहाटे अंघोळ करून रांगेत पहिला उभा राहणारा माणूस तो. शेवटी मी सांगितलं. सांगताना मला मनापासून वाटत होतं की त्यांनी रागवावं. नको म्हणावं.

"मला सांगतेस की विचारतेस?"

"विचारते, बाबा."

त्यांनी चष्मा काढला. "नकाराचा अधिकार माझ्याकडे कधीच नव्हता. तुझ्या आईकडे होता." चष्मा त्यांनी समोर ठेवला. "तू जर्मनीला निघालीस ना, तेव्हा तुझा प्रस्ताव येण्याआधी तिनं मला विचारलं होतं. मी नामंजूर म्हटलं तर काय होईल? मी म्हटलं, ती जाणार नाही, तुझा नकार मोडायला तिघांचे हात लागतील. तर म्हणाली, तुम्ही हात वर कराल? मी म्हटलं, तुझ्या विरुद्ध? नाही करणार."

"मग?"

"मग म्हणाली, तर मग मला गप्पच बसावं लागेल."

 बाबा घाईघाईनं पुढे म्हणाले, "तू राहतेस तिथं तुला मत पाहिजे, यात चुकीचं काही नाही. कर सही. विचारलंस, बरं वाटलं मला." आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तो पुष्कळ वेळ चालला.

स्काइप बंद झाल्यावर लेक माझ्याजवळ येऊन बसली. उरलेला श्पारगेल तिनं सोलायला घेतला. मग चक्क मराठीत, अडखळत म्हणाली, "आई, आपल्या घरात नामंजूर कोण म्हणतं?"

"मी," म्हटलं.

दोन वर्षांनी तिची शाळा संपणार होती, आणि तिला कॅनडाला शिकायला जायचं होतं.

अर्जावर मी त्याच आठवड्यात सही केली. माझं नाव नीट, वळणदार. पण पेन उचलताना मला त्या कपाटाचं दार आठवलं आणि आईचा इतका राग आला, इतकी ती हवीशी वाटली, की खुर्चीवर बसून राहिले. एकदा म्हणायचं होतंस गं नामंजूर. मी रडले असते, भांडले असते, तुझ्याशी महिनाभर बोलले नसते, आणि राहिले असते.