आतलं हँडल

नापासकाकांनी कशालाही चांगलं म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. सुनेनं दिलेल्या चहाचा पहिला घोट घेऊन ते कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "नापास." मग उरलेला चहा संपवायचे. गल्लीत लग्नाचा मांडव घातला की एखाद्या खांबाला धरून हलवायचे. "नापास." डॉक्टरांनी रक्तदाब मोजायला घेतला तेव्हा मशीनची रबरी नळी बोटांनी दाबून बघितली आणि तिचाही निकाल लावला. आवाज न चढवता, आज वारा सुटलाय असं सांगावं तसा. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं. लातूरच्या आमच्या गल्लीत त्याची कुणाला गरज पडली नाही.

तीस वर्षं त्यांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांखाली काढली होती. निवृत्त झाल्यावर आमच्या समोरच्या घराच्या ओट्यावर पत्र्याची खुर्ची टाकून बसायचे. हातात एक छोटी हातोडी. कुणाचीही गाडी थांबली की उठायचे, चाकावरच्या पत्र्यावर हलकेच दोनदा वाजवायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. "चांगला पत्रा बोलतो. सडलेला पत्रा खोकतो," असं त्यांचं म्हणणं. कुणी त्यांना विचारलेलं नसायचं. त्यानं त्यांना फरक पडत नसे.

माझ्या नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि तो चालवायचा त्या शाळेच्या व्हॅनचं स्टिअरिंग माझ्याकडे आलं. व्हॅन तेव्हाच बारा वर्षांची होती. सकाळी सहा ते नऊ, दुपारी दोन ते पाच. तोच रस्ता, त्याच गल्ल्या, तीच चौदा दप्तरं. मला गाडी चालवायची हौस नव्हती. पण घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि इतकी जुनी गाडी कुणी विकत घेत नाही. दर वर्षी आरटीओकडून गाडीची तपासणी, म्हणजे पासिंग, करून घ्यायचं. ते झालं नाही तर शाळा दुसऱ्या दिवशी रूट काढून घेते. थोडक्यात, ती गाडी मला सोडत नव्हती आणि मी तिला सोडू शकत नव्हते. काका मला 'डायवरीणबाई' म्हणायचे. पहिल्यांदा राग आला. नंतर त्याच नावानं हाक मारली नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

आमच्या भागातल्या व्हॅनवाल्यांची एक पद्धत होती. चार बरे टायर, आग विझवायचा सिलिंडर, प्रथमोपचाराची पेटी आणि वायपरची पाती, असा एक सामायिक संच एका शेडमध्ये ठेवलेला असायचा. ज्याचं पासिंग त्यानं आदल्या दिवशी तो न्यायचा, गाडीला चढवायचा, आणि पासिंग झालं की उतरवून परत ठेवायचा. पेटीतली मलमाची डबी कुणी कधी उघडलेली नव्हती. मीही पहिल्या वर्षी तसंच केलं. गाडी पास झाली. मी पेढे घेऊन काकांकडे गेले.

त्यांनी कागद वाचला, पेढा खाल्ला, मग विचारलं, "गाडी पास झाली का टायर पास झाले?"

"सगळे असंच करतात, काका."

"हाव. पन तुझी ही चौदा पोरं सगळ्यांच्या गाडीत बसतेत का?"

टायर तर सकाळीच शेडमध्ये परत गेले होते.

त्या उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी असताना, त्यांनी मला हाक मारली. "मागं बस डायवरीणबाई. मी गाडी हलवतो, चाकाजवळचा बुश वाजतो का ऐक." मी मागच्या सीटवर बसले. त्यांनी सरकता दरवाजा लावला आणि गाडी न हलवता जाऊन खुर्चीत बसले.

या दरवाज्याचं आतलं हँडल निकामी होतं. आतली तारच निघाली होती. मला ते माहीत होतं आणि मी मुद्दाम दुरुस्त केलं नव्हतं. पोरांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून आमच्यातले निम्मे व्हॅनवाले ते तसंच ठेवायचे. आईबापांनाही बरं वाटायचं. पोरं कुठं जाणार नाहीत, झालं.

"काका, दार उघडा."

"मी न्हाई इथं."

"समोर तर बसलाय!"

"मी कोन? डायवर पुढं बेसुध पडलीय. आता आतल्यांनी काय करायचं?"

खिडक्यांना गज होते. पुढच्या सीटमागं दप्तरांसाठी मीच जाळी ठोकून घेतली होती. मागचं दार फक्त बाहेरून उघडायचं. मे महिन्यातली दुपार. सीटचं रेक्झीन मांडीला चिकटायला लागलं. मी दार बडवलं, ओरडले, दोन शिव्याही दिल्या. काका वर्तमानपत्र उलटत होते. किती वेळ गेला ते घड्याळात बघितलं तेव्हा जेमतेम चार मिनिटं झाली होती. त्या चार मिनिटांत मला पहिल्यांदा कळलं की माझ्या गाडीतून उतरायचा रस्ता माझ्या हातातून जातो, दुसरा नाहीच.

त्यांनी दार उघडलं. "इन्स्पेक्टर बाहेरून तपासतो अन् चालवून बघतो. पोरं आत बसतेत. नापास," ते म्हणाले. मी घामानं भिजलेली, तणतणत घरी गेले. संध्याकाळी हातोडी घेऊन तेच आमच्या दारात आले. "रुसून राहिलीस का? चल, सुरुवात करू."

सुट्टीचे तीन आठवडे आम्ही गाडी खोलत होतो. जुन्या व्हॅनला काय काय होतं ते मला तिथं समजलं. पायाखालच्या मॅटखाली तळाचा पत्रा सडून तळहाताएवढं भोक पडलेलं. त्यातून रस्ता दिसत होता. हँडब्रेकची तार ताणून ताणून ढिली. हेडलाइटच्या आतला चकाकणारा भाग काळवंडलेला. एका चाकाच्या आत ब्रेक ऑइल पाझरलेलं. काका प्रत्येक ठिकाणी बोट ठेवायचे आणि एकच शब्द बोलायचे. मी वेल्डिंगवाल्याला गाठायचे, सामान आणायचे. सगळ्यात शेवटी आतल्या हँडलची तार बसवली. पोरांनी चालत्या गाडीत ते ओढू नये म्हणून काय करायचं, असं मी विचारलं. "पोरांना शिकव. दार कामून निकामी करायचं?" शाळा सुरू झाल्यावर मी तेच केलं. आठ दिवस घसा बसला, पण पोरं शिकली.

पुढच्या वर्षी मी माझ्या स्वतःच्या टायरांवर पासिंगला गेले आणि गाडी नापास झाली. एका हेडलाइटचा झोत वर जात होता आणि हँडब्रेक वर्षभरात पुन्हा ढिला पडून चढावर धरत नव्हता. कागद घेऊन मी रडकुंडीला येऊन परतले. दोन दिवस दुसऱ्या व्हॅनवाल्याकडून पोरं पोचवावी लागणार होती. काकांनी कागद वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला कधी नव्हे ते हसू दिसलं. "आता बघ. आता ही तुझी गाडी नापास झाली." दोन्ही दोष काढून मी पुन्हा नेली. पास झाली. या वेळी पेढे त्यांनी मागून घेतले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत काका विसरायला लागले. आधी माणसांची नावं, मग दिवस. एकदा सकाळी ड्युटी आहे असं समजून डबा न घेताच निघाले आणि हायवेच्या कडेनं चालत एसटीच्या डेपोत पोचले. उभ्या बसखाली शिरून ते बोल्ट चाचपत होते. ड्रायव्हरनं वाकून बघितलं म्हणून वाचले. मुलगा पुण्याला नोकरीला, काकू कधीच वारलेल्या. सून रेखा डाळ मिलमध्ये कामाला, नऊला जायची आणि सहाला यायची. तिनं बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. दुसरी चावी माझ्याकडे दिली. "वहिनी, आतून उघडलं तर कुठंतरी जातील हो ते," ती म्हणाली. रडत नव्हती, दमलेली होती. मी चावी घेतली आणि गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात घातली. दुसरं काही सुचवायला माझ्याकडेही नव्हतं.

पुन्हा पासिंग आलं. त्यांनी तपासल्याशिवाय गाडी न्यायची मला सवय राहिली नव्हती. मी व्हॅन त्यांच्या खिडकीला लावली. ते गजांच्या आत उभे होते. माझं नाव त्यांना आठवलं नाही, पण इंजिनाचा आवाज ऐकून म्हणाले, "एक सिलिंडर अडकून राहिलंय." ते खरं होतं. मग म्हणाले, "आत बस. दार लाव." मी बसले. "उतर." मी आतलं हँडल ओढलं, दार सरकलं, मी उतरले.

त्यांनी मान डोलावली. मग खिडकीपासून सरकले, आणि त्यांच्या घराचं दार आतून हलायला लागलं. एकदा, दोनदा. कडीतलं कुलूप वाजत होतं.

"अन् ह्ये?" आतून आवाज आला.

चावी माझ्या हातात होती. मी दार उघडलं. ते उंबऱ्यापर्यंत आले, बाहेर बघितलं, आणि मागं वळून खाटेवर जाऊन बसले.

मी रेखाला हे सांगून टाकलं. त्यानंतर दुपारी साडेबारा ते दोन मी कुलूप काढायचे आणि त्यांच्या उंबऱ्यावर भाजी निवडत बसायचे. ते कुठंही गेले नाहीत. थोड्या थोड्या वेळानं उठायचे, दार लावून घ्यायचे, आतून ढकलून बघायचे. उघडलं की पुन्हा खाटेवर. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले, तोवर एक दिवस चुकला नाही.

पण दोन वाजता पोरांना आणायची वेळ व्हायची. मला निघावंच लागायचं. मी दार ओढून घ्यायचे, कडी घालायचे, कुलूप लावायचे. आतून एकच शब्द यायचा, आवाज न चढवता. तो ऐकून मी गाडी सुरू करायचे.