चुंबक वापरानं संपत नाही

शाळेत रुजू झाल्या त्याच दिवशी गायकवाड बाई मुख्याध्यापकांशी भांडल्या. भाईंदर पूर्वेच्या त्या शाळेत मी मराठी शिकवत होते. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. विज्ञानाच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली सरांच्या खिशात. बाईंनी वर्गासाठी चुंबक मागितले. सर म्हणाले, "पोरांच्या हातात दिले की वापरून वापरून शक्ती जाते त्यांची. फळ्यावर चित्र काढा."

"सर, चुंबक म्हणजे काय टूथपेस्ट आहे, दाबली की संपली?" बाईंचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला. "तो आपटल्यानं बिघडतो, तापवल्यानं बिघडतो. टाचण्या उचलून चुंबक थकत नसतो. तुमच्या कपाटात मात्र नक्की बिघडतील, कसेही कोंबून ठेवलेत!"

किल्ली मिळाली. पण 'भांडकुदळ' हे नावही त्याच दिवशी मिळालं, आणि ते चिकटलं.

बाई मूळच्या नांदेडकडच्या. नवरा टेलिफोन खात्यात. खारी गावाला लागून नव्या इमारती उठत होत्या, त्यातल्या एकीत आम्ही राहायचो आणि बाई आमच्या वरच्या मजल्यावर. बोलताना पदर खोचायची सवय. कुणी काही ऐकीव सांगितलं की त्या लगेच विचारायच्या, "कुणी मोजून बघितलं का?" भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना हाच प्रश्न. लोक वैतागायचे. मीही कधीकधी वैतागायचे.

त्या सुमाराला आमच्या इमारतीत दर रविवारी एक टायवाला माणूस येऊ लागला. ब्लडप्रेशर, सांधेदुखी, साखर, सगळ्यावर एकच इलाज: चुंबकी पट्टा. सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः त्याला दारोदार फिरवायचे. माझ्या सासऱ्यांनी, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पट्टा घेतला. दादा पोस्टातून निवृत्त झालेले, ब्लडप्रेशरचे जुने रोगी. काही महिन्यांनी तो माणूस परत आमच्या दारात आला. "काका, पुराना अब खतम. मॅग्नेटचा सगळा पॉवर तुमच्या बॉडीमध्ये गेला. नवीन घ्या. आणि गोळ्या बंद करा, नाहीतर दोन्ही एकमेकांना काटतात."

दादांनी नवा पट्टा घेतला आणि आम्हाला न सांगता गोळ्या बंद केल्या. हे कळलं ते बाईंमुळे. त्या चहाला आल्या होत्या, खुंटीवर लोंबणारा जुना पट्टा पाहून त्यांनी दादांना खोदून खोदून विचारलं. सगळं बाहेर आलं तशा उठल्या, माझ्या शिवणाच्या डब्यातलं ब्लेड घेतलं आणि जुन्या पट्ट्याची शिवण उसवली. आतून काळ्या बटणांसारखे चुंबक निघाले. नव्याचीही उसवली. टाचण्या मागवल्या. जुन्यानं जेवढ्या उचलल्या तेवढ्याच नव्यानं.

"बघा दादा. खतम कुठे झाला?"

दादांचा चेहरा खुलला. "म्हणजे जुनाही चालेल की!"

बाई दादांसमोर खाली बसल्या. "अहो, शक्ती तुमच्या अंगात गेली असती तर इथली कमी झाली नसती का? काही गेलं नाही. तो माणूस खोटं बोलतोय. पाया पडते तुमच्या, गोळी घ्या."

"बघू," दादा म्हणाले. त्या 'बघू'चा अर्थ आम्हाला घरच्यांना माहीत होता. मी आणि माझ्या नवऱ्यानं रोज विनवण्या केल्या. ते गोळी तोंडात धरून नंतर थुंकायचे.

पुढच्या रविवारी बाईंनी त्या माणसाला खाली, सगळ्यांसमोर अडवलं. दोन्ही चुंबक हातावर ठेवून म्हणाल्या, "दाखव कुठला खतम झालेला." तो हसला. उत्तर सेक्रेटरींनी दिलं. "बाई, तुम्हा लोकांना सगळ्यालाच विरोध करायचा असतो. आधी देवाला, आता औषधाला."

'तुम्हा लोकांना.' अंगणात बरीच माणसं होती. कुणाला काही खटकलं नाही.

"मी देवाबद्दल बोलत नाहीये," बाई म्हणाल्या. "मी या माणसाच्या खोटेपणाबद्दल बोलतेय. आणि तुम्ही मला माझी जात ऐकवताय."

तो माणूस निवांत वरच्या मजल्यांवर गेला. त्या दिवशीही त्याचे पट्टे खपले.

पावसाळा संपता संपता दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही जवळजवळ गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर बाई मला म्हणाल्या, "चला पोलीस चौकीत." त्यांना एकट्यांना तिथून आधीच परत पाठवलं होतं, ज्याचं नुकसान झालं त्यानं यावं, असं सांगून. आम्ही दादांना विचारणार इतक्यात त्यांनीच डाव्या हातानं खूण करून काठी मागितली.

रिक्षातून गेलो. हवालदारानं पट्टा उलटसुलट पाहिला. "आजोबा, कंबरेला पट्टा बांधून कुणाला लकवा होतो का?" दादांनी तोंड उघडलं. शब्द येईना. घाम फुटला. मग त्यांनी पट्टा टेबलावर आपटला आणि कसंबसं म्हणाले, "गो... गोळी... नको... म्हणाला." एवढ्या एका वाक्यानं ते थकून माझ्या खांद्यावर कलले. तक्रार लिहून घेतली गेली.

पोलिसांनी त्या माणसाला एकदा बोलावून सोडून दिलं. काही दिवसांनी कळलं, तो आता नालासोपाऱ्याला पट्टे विकतोय. मी डोक्याला हात लावला. बाई म्हणाल्या, "मग नालासोपाऱ्याला जायचं." आणि खरंच गेल्या. रविवारमागून रविवार, पिशवीत उसवलेले पट्टे घेऊन. काही ठिकाणी लोकांनी ऐकलं, काही ठिकाणी हाकललं. परत आल्या की आधी दादांजवळ बसायच्या आणि आज कोण काय म्हणालं ते सांगायच्या. दादा चेहऱ्याच्या एकाच बाजूनं हसायचे, त्याच बाजूनं चिडायचे.

दादा पुढे दोनेक वर्षं जगले. ते गेले त्या दिवशी खाली अंगणात सगळी इमारत जमली होती. सेक्रेटरी पुढे झाले, माझ्या नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वय झालं होतं. सुटले बिचारे."

"वय नव्हतं झालं," गायकवाड बाई मागून म्हणाल्या. "गोळ्या बंद केल्या होत्या. बंद करायला लावणाऱ्याला तुम्ही यांच्या दारात आणलं होतंत."

कुणीतरी हळूच म्हणालं, "बाई, इथे नको."

"मग कुठे?" बाईंनी विचारलं.